शिवाजी मापाड्याच्या वह्या

परतूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोमेश्वर,

हे पत्र हातानं लिहून, त्याचे फोटो काढून तुझ्या ईमेलवर पाठवते आहे. पत्ता तुझ्या फिल्मचं काम बघणाऱ्या मुंबईच्या बाईंनी दिला. सरळ टाइप करता आलं असतं, कॉलेजात दिवसभर तेच करते. पण तुला लिहायचं म्हटलं की हात पेनकडेच जातो. दिवाळीच्या सुट्टीत परतूरहून टेंभुर्णीला तुला पत्रं टाकायचे, तेव्हाची खोड. पंचवीस वर्षांत बाकीच्या सगळ्या खोडी गेल्या, ही राहिली.

माझं विचारशील तर ठीक चाललंय. इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. वर्गात पूर्वी चाळीस मुलं असायची, आता अकरा आहेत. नागसेन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चांगला माणूस आहे, मला कधी मान खाली घालायला लावली नाही त्यानं. मुलगी अक्षता पुण्यात शिकते. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा आमच्याकडेच असतात. सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला काचबिंदू आहे. तरी रोज सकाळी नऊला धान्याच्या मोंढ्यात जातात. २००८ साली मापाड्याचा काटा हातातून सुटला, पण बोली सुरू झाली की तिथं उभं राहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तू त्यांना काका म्हणायचास. आठवत असेल, नसेल.

तुझी फिल्म मला अक्षतानं पाठवली. तुमच्या शिकागोतल्या गुंतवणूक फंडाला दोन वर्षं झाली म्हणून बनवलेली, चार मिनिटांची. तिनं खाली एवढंच लिहिलं होतं, "मम्मी, हे अक्षर आबांचं आहे का?" मी स्टाफरूममध्ये बसून पाहिली. निळा कोट, मागं काचेची भिंत, भिंतीपलीकडं कुठलंतरी तळं. केस पिकलेत तुझे, शोभतात. तू इंग्रजीत सांगतोस की माझे आजोबा काकासाहेब हिंदुस्थानातल्या परतूर नावाच्या गावी कापसाच्या बाजारात पोत्यांवर बसून रोजचे भाव वहीत उतरवायचे, आणि जे चढतंय ते धरायचं, जे उतरतंय ते सोडायचं हे मी त्यांच्या मांडीवर बसून शिकलो. मग वही उघडते. पिवळं पान, निळी शाई. आणि त्या पानावर माझ्या बाबांचा सात. पोट सुटलेला, शेपटी डावीकडं वळलेली. दुसऱ्या कुणाचा सात तसा निघत नाही.

ती १९८६ ची वही आहे, सोमेश्वर. तू अमेरिकेला निघालास तेव्हा आठवण म्हणून मागितलीस आणि मीच दिली. बाबांना न विचारता दिली. वीस वह्यांतली एक गेली तर त्यांच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. आठ दिवसांत लक्षात आलं. म्हणाले, "सोमेश्वरनं नेली ना? ऱ्हाऊ दे. त्याच्या कामाला येईन."

फिल्म मी पाच वेळा थांबवून थांबवून पाहिली. बाबा प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधी 'जय भीम' लिहायचे, मग वार, मग तारीख, मग भाव. तुझ्या फिल्ममध्ये पान तुरीच्या भावापासून सुरू होतं. वरची दोन बोटं जागा चौकटीत आलेलीच नाही. चार मिनिटांत तीन वेळा ते पान दिसतं आणि तिन्ही वेळा नेमकं तेवढंच दिसत नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर 'शिवाजी हिवाळे, मापाडी, परतूर' असं लिहिलंय. पुठ्ठा तर एकदाही दाखवलेला नाही. कॅमेऱ्यावाल्याला देवनागरी येत नसेल. तुला येते.

तुझं खोटं धड जमलेलंही नाही, याचा मला जास्त राग आला. शहाऐंशी साली आपल्याकडं कापूस मोंढ्यात बोलीनं विकला जात नव्हता. सरकारची एकाधिकार खरेदी होती, भाव ठरलेला. चढउतारच नाही तर वहीत काय उतरवणार? म्हणून बाबांच्या वह्यांत तूर आहे, मूग आहे, ज्वारी, करडई आहे, कापूस नाही. आणि तुमच्या काकासाहेबांचा माल जालन्याला जायचा, गडी घेऊन जायचा. परतूरच्या मोंढ्यात त्यांनी कधी पाऊल ठेवल्याचं तू मला सांगितलं नव्हतंस. पण तिकडं शिकागोत हे कोण तपासायला बसलंय?

मापाडी म्हणजे काय, हे तू तिकडच्या लोकांना सांगितलं असतंस तर ती गोष्टही वाईट नव्हती. दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकला जाताना मधे उभं राहून वजन करणारा माणूस. माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही. त्याचं फक्त माप. बाबांनी आयुष्यात एक पोतं तूर स्वतःसाठी घेऊन ठेवली नाही. तरी रोज घरी आल्यावर हातपाय धुवून आधी वही काढायचे. आपण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधत होतो, तेव्हा मी ह्या वह्या तुला आमच्या घरी दाखवल्या. तू ओसरीवर मांडी घालून बसलास आणि बाबांना विचारलंस, काका, हे लिहून काय उपयोग? त्यांनी सांगितलं होतं, "वीस बाजारांत गेला न्हाई एवढा वर भाव गेला, की माल धरून ठेवा म्हणतो मी लोकायला. वीस बाजारांत आला न्हाई एवढा खाली आला, की जल्दी काढा म्हणतो." तू म्हणालास, पण का चढतो ते कसं कळतं? त्यावर हसले होते. "कामून चढतो ते मला ठाव न्हाई. चढून राह्यला एवढं दिसतं. मंग तेवढंच धरायचं."

आपल्या विभागातल्या त्या एकुलत्या कॉम्प्युटरवर वीस वर्षांचे भाव मी भरले. दोन महिने लागले. तू शेजारी बसून वाचून दाखवायचास, मी टाकायचे. बाबांच्या नियमानं दिलेल्या शंभर इशाऱ्यांत एकोणसाठ चुकीचे निघाले आणि तू म्हणालास की नियम फसवा आहे, विषय बदलू. उरलेले एकेचाळीस किती लांब चालतात ते मी मोजलं. चुकलं की थोडं जातं, बरोबर आलं की पुष्कळ येतं, हे त्या दुपारी मी तुला आलेख काढून दाखवलं. आज तुमचा फंड ज्या पायावर उभा आहे तो हाच ना? बाबांना तर हे आधीच माहीत होतं. चुकलेल्या इशाऱ्यासमोर ते लाल गोल काढायचे आणि प्रत्येक वहीत भावांपेक्षा गोलच डोळ्यांत भरायचे. प्रकल्पाच्या शेवटी आभाराचं पान तू स्वतः टाइप केलंस. 'श्री. शिवाजी हिवाळे, मापाडी, परतूर यांच्या वह्यांशिवाय हे काम झाले नसते.' ती प्रत माझ्या कपाटात आहे. घाबरू नकोस, ती कुठं दाखवायची धमकी देण्यासाठी हे पत्र नाही.

त्याच जानेवारीत तू वर्गातल्या आम्हा चौघांना हुरडा खायला टेंभुर्णीला नेलंस. तुझ्या आईनं, झुंबरबाईंनी, मला जवळ बसवलं. आधी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला, ते विचारलं. तिसऱ्या उत्तरानंतरही त्यांचा आवाज गोडच होता, फक्त माझ्या ताटात हुरडा वरून पडायला लागला. तू समोर बसून सगळं पाहिलंस आणि गुळाचा खडा तोंडात टाकलास. परत येताना बसमध्ये तू माझ्याशी प्रकल्पाच्या बांधणीबद्दल बोलत राहिलास. कव्हर निळं घ्यायचं की तांबडं. त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू पुढं अमेरिकेहून पाठवलेल्या पाच पत्रांतही नाही. सहावं आलंच नाही. मी त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही असं लोकांना सांगत आले. तुला सांगायचं तर, पोस्टमन दिसला की दोन वर्षं मी हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचे.

आता तुझ्या फंडाबद्दल. तो मी नीट वाचला. माहितीपत्रकाची एकशे बारा पानं छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. काम चांगलं केलंयस, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. पूर्वी असा नियम चालवणारे लोक फक्त बड्या धनिकांचे पैसे घ्यायचे. तू तोच नियम ईटीएफच्या डब्यात घातलास. शेअर बाजारात कुणीही फोनवरून एक युनिट विकत घ्यावं, पाहिजे तेव्हा विकावं. आणि त्यावर ते दुसरं, परताव्यावर परतावा रचायचं. हे बाबांना समजावून सांगताना मला तीन दिवस लागले, कारण त्यांनी सोडलंच नाही. रोज मोंढ्यातून आले की, "हां, सांग, पुढं?" त्यांना तुझ्या कामाचा एवढा आनंद झालाय की विचारू नकोस. मी सांगितलं, बाबा, एका माणसानं शंभर रुपये दिले तर त्या शंभरात सोमेश्वर शंभराचे शेअर ठेवतो आणि त्याच्यावर आणखी शंभराचा आपला नियम चालवतो. सोनं, गहू, तेल, डॉलर, जे चढतंय ते धरायचं. वायद्याच्या सौद्याला सगळी रक्कम द्यावी लागत नाही, थोडी अनामत पुरते, म्हणून हे जमतं. ते विचारात पडले. "म्हंजी एकाच पोत्याचं दोन डाव माप?" मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तसं नाही, लबाडी नाही यात. माल खरंच दोन तऱ्हेचा आहे, एक पडतो तेव्हा दुसरा बहुतेक वेळा सावरतो. बावीस साली, तुझा फंड निघायच्या आधी, बाजारात तसंच झालं होतं. "आन् दोन्ही संगंच उतरले तर?" तर दोन्हीकडून जातं, बाबा. या एप्रिलमध्ये गेलं तसं. ते म्हणाले, "हे त्यानं लोकायला सांगितलं का?" म्हटलं, सांगितलंय, एकोणचाळिसाव्या पानावर लिहून दिलंय. "लिहून न्हाई. सांगितलं का?" तुझ्या चार मिनिटांत लाल गोल एकही नाही.

तुझ्या मुंबईच्या बाईंचा फोन दसऱ्यानंतर आला. दुसरी फिल्म करायची आहे, ह्या वेळी खुद्द परतूरच्या मोंढ्यात, सोमेश्वर सर स्वतः येणार आहेत, नऊ डिसेंबरला. माझ्याकडं त्या काळच्या आणखी वह्या आहेत असं सरांनी सांगितलं, त्या एका दिवसासाठी हव्यात. माझा नंबर त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरून शोधला. म्हणजे मी कुठं आहे हे तुला ठाऊक होतं, फक्त फोन स्वतः करवला नाही. वह्यांचा मालक कोण, हे त्या बाईंना बिलकुल माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या मला म्हणाल्या की सरांच्या आजोबांच्या वह्या तुम्ही इतकी वर्षं सांभाळल्या, खूप मोठं काम केलंत. मी फोन ठेवला. त्यांना काही बोलले नाही. कुणालाच काही बोलले नाही. त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

बाईंना एक म्हातारा माणूसही पाहिजे होता. पोत्यांवर बसून वहीत लिहिणारा. त्यांनी मोंढ्यात चौकशी केली आणि आडत दुकानवाल्या कल्याणशेठनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, दुसरा कशाला, आमचे शिवाजीरावच घ्या, त्यांचं अक्षरही सुंदर आहे. बाबांनी त्याच दुपारी होकार दिला. घरी येऊन मला सांगितलं ते असं, जणू लग्नाची तारीख निघाली. परवा बाईंनी कुरिअरनं कपडे पाठवलेत, मापाला बघा म्हणून. धोतर, कोट आणि बांधून तयार केलेला गुलाबी फेटा. बाबांनी तो मांडीवर घेऊन सगळीकडून हात फिरवून पाहिला. म्हणाले, "मापाड्याला फेटा कशाला, वंदे? मी तर उघड्या डोक्यानं उभा ऱ्हायलेलो." मी म्हटलं, मान म्हणून पाठवलाय, बाबा. त्यांनी तो घालून बघितला आणि आरशात बराच वेळ पाहत राहिले. एका डोळ्यानं त्यांना किती दिसलं असेल कोण जाणे.

आता तुला कळलं असेल की बाबांना काय माहीत नाही. फिल्म पाहिली त्याच दिवशी संध्याकाळी मी ती त्यांना दाखवली. दाखवायला नको होती. फोन अगदी डोळ्याजवळ धरून त्यांनी आपलं पान ओळखलं. "माझा सात हाय तो!" अशी आरोळी ठोकली की नागसेन स्वयंपाकघरातून धावत आला. मग त्यांनी मला विचारलं, "काय म्हणून राह्यला पोरगा?" इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, तो म्हणतोय, परतूरच्या मोंढ्यात शिवाजीराव हिवाळे नावाचे मापाडी होते, मी जे शिकलो ते त्यांच्या ओसरीवर बसून शिकलो. तू बोलत गेलास आणि मी वाक्यामागून वाक्य तुझ्या तोंडी घालत गेले. काकासाहेबांचं नाव आलं तिथं नेमकी बाबांनी मान वर केली. म्हटलं, आजोबांना नमस्कार करतोय. नागसेनला इंग्रजी कळतं. तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता, मग स्वयंपाकघरात परत गेला. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "मी म्हणत व्हतो ना तुला, पोरगं बराबर हाय." तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे मोंढ्यात सांगितलं, विहारात सांगितलं, दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं. खोटं मी केवळ त्यांच्यासाठी बोलले असं म्हणू का? नाही म्हणवत. ती वाक्यं बोलताना मलाही ती ऐकायची होती. तुझ्याच आवाजात. त्यासाठी मी माझ्या बापाला वापरलं, तूही वापरलंस. एवढ्यापुरते आपण सारखे.

हे पत्र मी यासाठी लिहिते आहे. नऊ तारखेला बाबा तुझ्या आजोबांचा फेटा घालून पोत्यांवर बसणार आहेत आणि त्यांना वाटतंय की ते शिवाजी मापाडी म्हणून बसलेत. अर्धा मोंढा बघायला जमेल, आमची सगळी वस्ती येईल. मला तुझ्याकडून पैसा नको, जुन्या फिल्ममध्ये दुरुस्ती नको, माफी तर नकोच, ती ठेवायला माझ्याकडं जागा नाही. तू येणार असशील तर कॅमेरा सुरू होण्याआधी त्यांच्यासमोर उभा राहा, त्यांच्या डोक्यावरचा तो फेटा स्वतःच्या हातानं उतरव, आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की तू कुणाच्या ओसरीवर बसून शिकलास. मग कॅमेऱ्यात तुला काय सांगायचं ते सांग, त्यांना कळणार नाही. एवढं होणार नसेल तर येऊ नकोस, माणसंही पाठवू नकोस. मला फक्त आठ तारखेच्या सकाळपर्यंत कळव. मी त्यांना सांगेन की सोमेश्वरचं विमान रद्द झालं, तो फार हळहळला. तुझ्यासाठी एक खोटं बोलून झालंय, दुसरं जड जाणार नाही.

उत्तराची वाट बघणारी,
वंदना शिवाजी हिवाळे